फोनवरून दशमांश, देणगी आणि वर्गणी: पुण्यातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पातल्या एका मराठी चर्चमध्ये मी खजिनदारांच्या हाताखाली हिशेब लिहितो. त्या ओळखीतून पेठेतलं एक गणेश मंडळ आणि सिंहगड रस्त्यावरची एक छोटी सेवाभावी संस्था, यांच्या वह्याही माझ्याकडे येऊन पडल्या. तिन्हीकडे लोक तेच ते विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढलं.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. दानपेटीत पैसे पडायचे तेव्हा देणाऱ्याचं नाव कळायचं नाही, पण पेटी कशाची ते कळायचं: ही इमारत निधीची, ती गरीब निधीची. फोनवर नेमकं उलटं झालंय. नाव येतं, हेतू येत नाही. खालची निम्मी डोकेदुखी या उलटापालटीतून आलेली आहे.

आम्ही सध्या खजिनदारांच्या नंबरवरच पैसे घेतो. तात्पुरतं आहे. चालेल ना?

नाही चालणार. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेने करोनाच्या काळात असंच "तात्पुरतं" म्हणून खजिनदारांचा खासगी क्यूआर भिंतीवर लावला. माणूस सरळ, पै न् पै लिहून ठेवणारा. दोन वर्षांनी ते अचानक गेले. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, वारस दोन. बँकेच्या लेखी त्यातला एक रुपयाही संस्थेचा नव्हता. वर गंमत अशी, की बँकेला कळवेपर्यंत लोक भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करत होते आणि गेलेल्या माणसाच्या खात्यात देणग्या जमा होत होत्या. घरचे लोक चांगले, वडिलांची वही समोर ठेवून सगळं परत केलं. तरी आठ महिने गेले.

खजिनदार हयात आणि धडधाकट असले तरी हे त्यांच्याच अंगाशी येतं. त्यांच्या खात्यात आलेला पैसा त्यांचं उत्पन्न नाही, हे आयकर खात्याला पटवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. सचिवांच्या बायकोचा नंबर, पाळकसाहेबांच्या मुलाचा नंबर, यांनाही हेच लागू.

मग संस्थेच्या नावाने क्यूआर घ्यायला काय लागतं?

संस्थेचं स्वतःचं बँक खातं आणि संस्थेचं पॅन. बाकीचे कागद त्यामागून येतात: धर्मादाय कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, घटनेची प्रत, खातं कोण चालवणार याचा ठराव, सह्या करणाऱ्या विश्वस्तांचं केवायसी आणि शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली विश्वस्तांची नावं असलेला कागद.

गाडी अडते ती या उताऱ्यावर. नवे विश्वस्त निवडले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो राहून जातो, उताऱ्यावर जुनीच नावं असतात आणि त्यातली दोन-तीन वैकुंठवासी. बँक म्हणते, उताऱ्यावरच्या माणसांच्या सह्या आणा. तेव्हा क्यूआरच्या मागे लागण्याआधी सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आपल्या बदल अर्जाचं काय झालं ते पाहून या.

अर्ज भरताना बँक व्यवसायाचा प्रकार विचारते. धार्मिक संस्थांचा कोड ८६६१, सेवाभावी संस्थांचा ८३९८. घाईत बँकेतला मुलगा "किरकोळ विक्री" टाकून मोकळा होतो. तिथे बोट ठेवून दुरुस्त करून घ्या, पुढे कुणी चौकशी केलीच तर देणगी आणि विक्री यांचा घोळ नको.

स्कॅन केल्यावर भलतंच नाव दिसतं. लोक बिचकतात.

अ‍ॅपवर बँक खात्यावरचं नाव दिसतं. लोकांच्या तोंडी "आपलं चर्च" असतं, खातं मात्र कुठल्या तरी ट्रस्ट असोसिएशनच्या लांबलचक नावाचं. मंडळाचंही तेच: कमानीवर एक नाव, नोंदणीत दुसरं. यावर तांत्रिक इलाज शोधत बसू नका. क्यूआरच्या खाली ठळक अक्षरात लिहा: "स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल. दुसरं काही दिसलं तर पैसे पाठवू नका." बिचकणाऱ्यांना धीर येतो, आणि कुणी आपल्या क्यूआरवर दुसरा चिकटवला तर तोही याच ओळीने पकडला जातो.

यूपीआयला शुल्क किती?

बँक खात्यातून बँक खात्यात येणाऱ्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घेतलं जात नाही, आणि संस्थेचा क्यूआर व्यापाऱ्यांच्याच रांगेत बसतो. वॉलेटमधून किंवा रुपे क्रेडिट कार्डावरून ₹२,०००च्या वर रक्कम आली तर मात्र कापाकापी होऊ शकते. आवाज देणाऱ्या डबीचं मासिक भाडं वेगळं. ते कुणी फुकट म्हणून गळ्यात मारलं तर किती महिने फुकट, ते विचारा.

पैसे कशासाठी आले हे ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न हाच. रविवारी दुपारी स्टेटमेंट उघडलं की बारा आकडी संदर्भ क्रमांक, अर्धवट तुटलेलं नाव आणि ₹५००. हे ₹५०० दशमांशाचे (कमाईतला दहावा हिस्सा), आभारस्तुतीचे, की छपराच्या दुरुस्तीचे? फोन करून विचारावं तर कुठल्या नंबरवर?

तीन उपाय करून पाहिले.

पहिला, प्रत्येक निधीला वेगळा क्यूआर. सगळ्यात स्वच्छ पद्धत. बँकेकडे एकाच खात्यावर दोन-तीन क्यूआर मागता येतात, प्रत्येकाचा आयडी वेगळा. पण तीनच्या वर जाऊ नका. आम्ही एकदा सहा लावले होते. लोक दारात उभे राहून परीक्षेचा पेपर वाचावा तसे वाचायचे आणि शेवटी जो हाताच्या उंचीवर असेल तो स्कॅन करायचे. खालच्या ओळीतल्या संडे स्कूलच्या निधीला त्या महिन्यात बरकत आली.

दुसरा, शेऱ्याच्या जागी हेतू लिहायला सांगणं. सांगायला सोपं. दहातले तीन लिहितात, त्यातला एक फक्त हात जोडल्याचं चित्र टाकतो.

तिसरा उपाय गावठी आहे, पण चालतो: रकमेचं शेपूट. छपराच्या निधीसाठी शेवटचा आकडा ७, म्हणजे ₹५०७, ₹१,००७. स्टेटमेंटमध्ये शेपूट लांबूनच दिसतं. मंडळात हे करताना एकचं शेपूट वापरू नका. तिथे ₹१०१, ₹५०१, ₹१,१०१ ही लोकांची सवयच आहे, फोन आला म्हणून ती गेलेली नाही.

ज्याचा हेतू कळत नाही ती रक्कम सर्वसाधारण निधीत घ्यायची आणि तसं फलकावर आधीच लिहून ठेवायचं. खजिनदाराने मनाने हेतू ठरवायचा नाही. कायम निधीसाठीची (ज्याचं मुद्दल खर्च करायचं नसतं) देणगी असेल तर शेरा किंवा शेपूट पुरत नाही, देणगीदाराचं लेखी पत्र घ्या.

पुण्यात चर्चला दान मिळणं ही गोष्ट जुनी आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली आपल्या फौजेतल्या कॅथलिक शिपायांसाठी दिली. कोणी दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं, हे सव्वादोनशे वर्षांनीही सांगता येतं. आमच्या मागच्या रविवारच्या ₹५००चं तेवढं सांगता येत नाही.

उपासना चालू असताना लोकांनी फोन काढावेत का?

यावर आमच्या पास्तोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, दोन बैठका झाल्या. एक बाजू म्हणे, गीत चालू असताना फोन काढणं शोभत नाही. दुसरी म्हणे, फोन तसेही काढतात, निदान अर्पणासाठी तरी काढू देत. शेवटी ठरलं ते असं: क्यूआर दारापाशी आणि साप्ताहिक पत्रकाच्या मागच्या पानावर. बाकांवर नाही, वेदीजवळ तर नाहीच. जुन्या दगडी इमारतींत रेंजही मिळत नाही. जाड भिंतींच्या आत फिरत बसलेलं गोल चक्र बघत अर्पणगीत संपून जातं, त्यापेक्षा लोकांनी व्हरांड्यात पैसे पाठवून आत यावं.

थैली मात्र फिरतेच. ज्यांनी फोनवर दिलंय त्यांच्यासाठी आम्ही छोट्या कार्डांचा गठ्ठा ठेवलाय, "अर्पण ऑनलाइन केले आहे" एवढाच मजकूर. थैली समोर आली की कार्ड टाकायचं. मोकळ्या हाताने थैली पुढे सरकवताना होणारी चुळबुळ त्यामुळे थांबली.

आवाजाची डबी उपासनेच्या जागेत ठेवू नका. आमच्याकडे ती पहिल्या रविवारी दाराशी होती. मौन प्रार्थना चालू, सगळे माना खाली घालून, आणि मागून खणखणीत मराठीत: "वीस रुपये प्राप्त झाले." पैसे पाठवणाऱ्या आजी पुढचे दोन रविवार मागच्या दाराने आल्या. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचं कौतुक आपण दरवर्षी ऐकतो. तिची रक्कम लाउडस्पीकरवर जाहीर केल्याचं त्यात कुठे नाही. डबी आता कार्यालयात, टेबलाच्या खणात असते.

स्क्रीनशॉट दाखवला की पावती द्यायची का?

नाही. स्क्रीनशॉट बनवता येतो, खात्यातली जमा बनवता येत नाही. आधी जमा बघा, मग पावती फाडा. वर्गणीला फिरणाऱ्या मुलांना हे दहादा सांगा, कारण रात्री दहा वाजता दुकानदाराशी वाद घालायला कुणालाच नको असतं.

क्यूआरवर दुसरा क्यूआर चिकटवण्याचे प्रकार होतात. दर आठवड्याला कुणी तरी एक रुपया पाठवून बघा. काचेच्या आत लावलेला बरा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे खजिनदारांनाही माहीत असतंच असं नाही. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० वर फोन करा.

एकाने ₹५००ऐवजी ₹५,००० पाठवले म्हणे. परत मागतोय.

खरंही असेल. पण आधी खात्यात ₹५,००० खरोखर आलेत का बघा. आले असतील तर लेखी अर्ज घ्या, दोन विश्वस्तांची संमती घ्या, आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेमार्फत परत करा. "माझ्या भावाच्या नंबरवर टाका" असं म्हणाला की थांबा. चोरीचा पैसा देणगी म्हणून पाठवायचा आणि दुसऱ्या खात्यात "परत" मागायचा, ही जुनी युक्ती आहे.

अशा पैशामुळे खात्यावर टाचही येऊ शकते. दुसऱ्या राज्यातल्या कुणी तक्रार केली, तो पैसा फिरत फिरत तुमच्या खात्यात आला होता, की सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँक रक्कम किंवा खातंच रोखून धरते. म्हणून क्यूआरचं खातं आणि पगार-वीजबिलाचं खातं वेगळं ठेवा, दर आठवड्याला शिल्लक हलवा.

८०जीची पावती यूपीआयवर मिळते का?

संस्थेकडे ८०जीची (देणगीदाराला आयकरात सवलत देणारं कलम) मंजुरी असेल तर मिळते. उलट रोखीपेक्षा बरं: ₹२,०००च्या वरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळतच नाही.

पण फोनवरचा "पैसे पाठवले" हा संदेश म्हणजे पावती नव्हे. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन घ्यावं लागतं, कारण वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेला फॉर्म १०बीडी भरायचा असतो आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ₹२०० विलंब शुल्क. आम्ही क्यूआरच्या शेजारी एक साधा कागद लावला: "पावती हवी असल्यास नाव, पत्ता, पॅन आणि संदर्भ क्रमांक कार्यालयात द्या." मे महिन्यात देणगीदारांना फोन करत बसण्यापेक्षा हे स्वस्त. देणगीदाराने नवी करप्रणाली घेतली असेल तर त्याला ८०जीची सवलत नाही. तो तरीही पॅन देतो आणि एप्रिलमध्ये भांडायला येतो. हे आधी सांगा.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. मी जुनेच वापरतोय, कारण बोलताना सगळे "एटीजी"च म्हणतात. कागदावर लिहिताना सीएंना विचारून नवा क्रमांक घाला.

चर्चला दिलेल्या दशमांशावर ८०जी मिळेल?

बहुधा नाही. एका विशिष्ट धर्मसमुदायासाठी किंवा जातीसाठी असलेल्या ट्रस्टला ८०जी मिळत नाही. चर्च, मंदिर, मशीद, सगळ्यांना सारखंच. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची म्हणून केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीला वेगळी तरतूद आहे. त्याच आवारातला दवाखाना किंवा वसतिगृह सर्वांसाठी खुलं असलेला वेगळा ट्रस्ट चालवत असेल तर त्याला मंजुरी असू शकते. तेव्हा दोन ट्रस्ट, दोन खाती, दोन क्यूआर. "एकाच आवारात आहे ना, मग काय बिघडतं" म्हणून दशमांशावर दवाखान्याची पावती देऊ नका. ती खोटी पावती आहे.

नाव तर फोनवर दिसतंच. मग देणगी निनावी कशी?

कायद्याला नाव आणि पत्ता दोन्हींची नोंद हवी असते. नुसतं स्टेटमेंटमधलं अर्धं नाव पुरत नाही. सेवाभावी ट्रस्टच्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा ₹१ लाख, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक ट्रस्टला यातून सूट आहे. म्हणजे पेठेतल्या देवळाने निर्धास्त राहावं, सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या संस्थेने मात्र पत्ते गोळा करावेत.

गोळा केलेली यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कुणी किती दिले हे खजिनदार आणि लेखापरीक्षक यांच्यापलीकडे जाण्याचं कारण नाही.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला तिथून देणगी द्यायचीय.

पुण्यात हा प्रश्न प्रत्येक तिसऱ्या घरात. पहिलं विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करत असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अनिवासी खातं परदेशी नंबरशी जोडून यूपीआय करण्याची सोयही काही देशांसाठी आहे.

पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तो विदेशी स्रोत झाला. पैसे रुपयांत आले, पुण्यातल्या खात्यातून आले, तरी फरक पडत नाही. अशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. भिंतीवरचा क्यूआर यासाठी वापरायचाच नाही. अडचण अशी, की क्यूआर पासपोर्ट विचारत नाही. डिसेंबरात नाताळला मुलंबाळं घरी येतात, प्रेमाने स्कॅन करतात आणि नोंदणी नसलेली संस्था अडचणीत येते. म्हणून फलकावर एक ओळ हवीच. आईला वाईट वाटतं, "माझाच मुलगा परका कसा?" म्हणून. काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. आईने स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या पैशाचं द्यावं, एवढं सुचवतो.

गणेश मंडळाची नोंदणी नाही. क्यूआर लावून वर्गणी घेता येईल?

क्यूआर असो की पावतीपुस्तक, नोंदणी नसलेल्या मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ४१ क खाली वर्गणीची परवानगी घ्यावी लागते. ती घ्या. मंडळाच्या नावाचं खातं नसेल तर वर्गणी रोखीनेच घेतलेली बरी. अध्यक्षांचा खासगी क्यूआर चौकात लावण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

दरमहा आपोआप दशमांश जाईल अशी सोय?

ऑटोपे. ₹१५,०००पर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. सुरू करताना तो बंद कसा करायचा हेही दाखवा, नाही तर नोकरी गेलेला माणूस संकोचाने काही बोलत नाही आणि पैसे जात राहतात.

मोठी रक्कम अडकते.

यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा ₹१ लाख. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला क्यूआर गॅलरीतून उघडला तर बरीच अ‍ॅप ₹२,०००च्या वर जाऊ देत नाहीत. अशांना यूपीआय आयडी पाठवा. लाखाच्या वर असेल तर धनादेश किंवा एनईएफटी.

३१ मार्चला रात्री दिलेली देणगी कोणत्या वर्षाची?

देणाऱ्याच्या खात्यातून गेली ती तारीख पावतीवर घाला. आपल्या खात्यात १ एप्रिलला दिसली तरी.

आता पेटी काढून टाकायची?

मुळीच नको. आजही थैलीत नाणी पडतात, आणि ती बहुतेक मुलांच्या हातची असतात. आई स्वतःचं फोनवर देते आणि पोराच्या मुठीत दोनचं नाणं ठेवते. फीचर फोनवाल्यांसाठी १२३पे आहे खरं, पण दशमांशाचं पाकीट पदराआडून काढणाऱ्या बाईला ते शिकवायला जाऊ नका. थैली आणि पेटी दोन माणसांनी मिळून मोजायची पद्धत तशीच ठेवा, आणि यूपीआयचं स्टेटमेंटही त्याच दोघांनी बघून सही करायचं.

फलकावर नेमकं काय लिहायचं?

आमचा मजकूर असा आहे, हवा तर उचला:

"अर्पण व देणगीसाठी. स्कॅन केल्यावर ————— हे नाव दिसेल, अन्य नाव दिसल्यास पैसे पाठवू नयेत व कार्यालयात कळवावे. डावीकडील क्यूआर दशमांश व सर्वसाधारण निधीसाठी, उजवीकडील इमारत निधीसाठी. हेतू न कळलेली रक्कम सर्वसाधारण निधीत जमा होईल. पावतीसाठी नाव, पत्ता व पॅन द्यावे. परदेशी नागरिकांनी (ओसीआय धरून) या क्यूआरवर पैसे पाठवू नयेत. कोणत्याही विश्वस्ताच्या वैयक्तिक नंबरवर देणगी स्वीकारली जात नाही."

शेवटच्या ओळीवर आमच्याकडे दोघेजण थोडे रुसले होते. ओळ तशीच ठेवली.